म्हापशातलं जर्सी प्रिंटिंगचं दुकान: छपाई पक्की, कापड ठीकठाक, वाद फुकट

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कापडासाठी, छपाईसाठी नव्हे.

म्हापसा मार्केटातल्या कपड्यांच्या ओळीत हे दुकान आहे, एवढंसं, आत चार माणसं शिरली की पाचव्याने पायरीवर उभं राहायचं. बाहेर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल लटकतायत त्यामुळे चुकणार नाही. जर्सीवर नाव-नंबर छापून घ्यायचा असेल तर बार्देशात मला तरी याहून बरं ठिकाण माहीत नाही. आम्ही डिचोलीकडचे, जवळपास छापून देणारे आहेत की, पण एकाकडून वाड्यावरच्या टीमच्या जर्सी केल्या आणि मे महिन्यातल्या टुर्नामेंटची सेमीफायनल येईपर्यंत निम्म्या टीमचे आकडे सोलून गेले, गोलकीपरचा १ गायब, स्टॉपरच्या १४ चा ४ झाला आणि रेफरी पिवळं कार्ड हातात धरून विचारतोय की लिहू कुणाच्या नावावर.

इथे तसं होत नाही कारण हा माणूस घाई करत नाही. आधी कापड चिमटीत धरून बघतो, मग जर्सी नुसतीच प्रेसखाली घालून दोनचार सेकंद दाबतो, म्हणजे आतला ओलावा निघून जातो (आपल्याकडे पावसात हे फार लागतं, कपडा कोरडा वाटतो पण नसतो), मग व्हिनाईलची (उष्णतेने चिकटणाऱ्या प्लॅस्टिकची) अक्षरं मांडतो, पट्टीने मधला भाग मोजतो, दाबतो, आणि मग मुख्य गोष्ट, थंड व्हायला सोडतो. बाकीचे गरम असतानाच वरचा प्लॅस्टिक फर्रकन ओढतात, तिथेच कडा उचलतात. हा गार झाल्यावर ओढतो आणि वर कागद ठेवून परत एकदा दाबतो. लाल जर्सी असेल तर आधीच सांगतो की साध्या व्हिनाईलची पांढरी अक्षरं काही दिवसांत गुलाबी पडतील, कारण पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वर चढतो, त्यासाठी खाली काळपट थर असलेलं वेगळं व्हिनाईल येतं, पन्नास रुपये जास्त. पोर्तुगालवाल्यांनी हे लक्षात ठेवा, नायतर रोनाल्डो गुलाबी होईल.

नाव आणि नंबर मिळून अडीचशे घेतले. लांब नावाला जादा नाही, हे मला आवडलं. काहीजण अक्षरामागे पैसे लावतात, त्या हिशोबाने इंग्रजीत रोनाल्डिन्यो दहा अक्षरी म्हणजे पिरेसच्या बरोब्बर दुप्पट, आणि आपल्या गोव्यात आडनावं कसली लांब लांब असतात ते सांगायला नको.

आता वादाचं. एक जर्सी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो कारण पुढे कुणाची ना कुणाची ऑर्डर असतेच, आणि तेवढा वेळ तुम्हाला स्टूलवरच्या काकांच्या तावडीत काढायचा आहे. ते दुकानदाराचे कोण लागतात ते मला अजून कळलेलं नाही पण स्टूल त्यांचंच. गोव्याच्या डेंपो फुटबॉल क्लबचे जुने चाहते. मी भाच्यासाठी ब्राझीलच्या सांतोस क्लबची पांढरी जर्सी काढली आणि म्हटलं भाई, नेमार ज्युनियर, १०. झालं. काका म्हणाले, "कित्याक रे तो? म्हातारो जालो! ह्या वयात परत घेतला म्हणजे खेळायला नाही घेतला, दाखवायला घेतला."

माझ्या मागे एक कॉलेजची मुलगी होती, तिच्या फुटसाल (पाच-पाच जणांचं इनडोअर फुटबॉल) टीमचा सेट घ्यायला आलेली, ती फाटकन बोलली, काका, तेहतीस म्हणजे म्हातारा काय. आणि मग तिने सगळा हिशोबच काढला, की तो सांतोसचाच पोरगा, २०१३ला बार्सिलोनाला गेला, २०१७ला पॅरिसवाल्यांनी २२ कोटी २० लाख युरो मोजून नेला, मग सौदीत अल हिलाल, आणि २०२५च्या जानेवारीत घरी परत आला, तेही सहाएक महिन्यांच्या करारावर, जन्माचं पेन्शन बांधून घेऊन नव्हे. काका म्हणाले सौदीत किती मॅची खेळला ते पण सांग. ती जरा गप्प झाली कारण तो आकडा सात आहे. २०२३च्या ऑक्टोबरात उरुग्वेविरुद्ध खेळताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि पुढे वर्षभर काहीच नाही. काका खूश. "सात मॅची! आमच्या वाड्यावरचा पोर पण एका मे महिन्यात जास्त खेळतो."

हे त्यांचं वाक्य ठरलेलं असणार, कारण प्रेसवरचा मुलगा त्यांच्याबरोबर ओठ हलवत होता.

पण मुलगी काही सोडणारी नव्हती. ती म्हणाली सांतोस म्हणजे पेलेचा क्लब, २०२३ला पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, एका वर्षात वर आला, आणि वर आल्यावर परत बुडायची वेळ आली तेव्हा पाण्यातून काढला कुणी? २०२५च्या डिसेंबरात गुडघा दुखत असताना जुवेंतूदविरुद्ध याने तीन गोल मारले आणि टीम वाचली. काका म्हणाले ऑगस्टात वास्कोकडून सहा-शून्य हरले तेव्हा मैदानावर रडत कोण होता? (हा वास्को म्हणजे आपला वास्को नव्हे, रिओचा. पायरीवरच्या एका माणसाला खरंच वाटलं की सांतोस इथे येऊन गेली.) ती म्हणाली रडला म्हणजे त्याला लागलं तरी, दाखवायला आलेला माणूस कशाला रडेल. दुकानदार मध्येच म्हणाला, "उगी रावात रे, नंबर वाकडा बसेल."

मला विचाराल तर इथे मुलगी बरोबर होती, पण काका जिथून बोलत होते तेही खोटं नव्हतं. त्यांच्या डोक्यात नेमार नव्हताच, २०१४ होता. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा प्रत्येक टीमला एक मार्की प्लेअर, म्हणजे नावाजलेला मोठा खेळाडू, घ्यायलाच लागायचा, नियमच तसा, म्हणून दिल्लीला देल पिएरो, पुण्याला त्रेझेगे, मुंबईला युंगबर्ग आणि आपल्या एफसी गोवाला रॉबर्ट पिरेस. वर्ल्ड कप जिंकलेला, आर्सेनलचा, रुबाबदार माणूस, फ्री किक घ्यायला उभा राहिला तरी फोटो निघायचा. पण चाळिशी गाठलेली आणि तीनेक वर्षं क्लब फुटबॉल सुटलेलं. आठ मॅची, एक गोल, आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमवर कोलकात्याविरुद्ध हाफटाइमला त्यांच्या कोचशी भांडण, ज्यात दोघांवरही बंदी आली. त्या सीझनला एफसी गोवा लीगमध्ये दुसरी आली आणि सेमीफायनल पेनल्टीपर्यंत नेली, पण ते कोच झिकोमुळे आणि मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिससारख्या आपल्या पोरांमुळे. मंदार तर म्हापशाचाच. काकांचं म्हणणं एवढंच की त्या वर्षी या दुकानात पिरेसची नावं छापली गेली आणि मंदारचं नाव त्याच्या गल्लीतल्या पोरांनी सोडून कुणी मागितलं नाही. डेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकली, तेव्हा महेश गवळी आणि समीर नाईक यांच्या नावाची जर्सी कुठे मिळायची, असं त्यांनी विचारलं, आणि यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

रोनाल्डिन्योचं प्रकरण तर म्हापशेकरांना जास्तच झोंबलेलं. २०१६ला ती प्रीमियर फुटसाल आली होती, गोव्याच्या टीमने रोनाल्डिन्यो घेतला, गोव्यातल्या मॅची इथे पेडेच्या इनडोअर स्टेडियमात. त्याने चेन्नईत बेंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल मारले, सगळीकडे व्हिडिओ फिरले, आणि गोव्याच्या मॅची लागायच्या आधीच तो रिओच्या पॅरालिम्पिकच्या कामासाठी निघून गेला. बदली आला काफू. आता काफू म्हणजे दोन वर्ल्ड कपचा मानकरी, काय वाईट नाही, पण लग्नाची पत्रिका एकाच्या नावाची आणि बोहल्यावर दुसरा. दुकानदार सांगतो की रोनाल्डिन्योच्या नावाच्या छापून ठेवलेल्या जर्सी नंतर ब्राझीलच्या म्हणून खपवल्या, नुकसान नाही झालं.

दुकानदाराचं मत वेगळंच आणि मला तेच जास्त पटलं. तो म्हणाला मोठं नाव आलं की पहिल्या आठवड्यात धंदा, नंतर बंद, आणि खरा खेळाडू आला की उलटं. २०१७ला एफसी गोवाने तो स्पेनचा कोरो आणला तेव्हा तो तर चौतीसचा होता, पण ना रुबाब ना केशरचना, सुरुवातीला कोण तो म्हणून लोक विचारायचे. मग त्याने पहिल्या सीझनला १८ गोल मारले, दुसऱ्याला १६, दोन्ही वेळा गोल्डन बूट, तीन सीझनमध्ये ५७ मॅचीत ४८ गोल. तेव्हा नारिंगी जर्सी घेऊन रांग लागायची, आणि नाव छोटं म्हणून व्हिनाईल पण कमी जायचं, असं हसत सांगतो. म्हणजे वय हा मुद्दाच नाही. पिरेसला नियमाने आणलं, कोरोला गोलसाठी आणलं, आणि नेमारला सांतोसने आणलं कारण तो त्यांचा आहे आणि क्लब नुकताच खालून वर आला होता. तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत ही, एकाच मापाने कशी कापणार. काका फक्त पहिलं गिऱ्हाईक बघतात आणि तिघांनाही शिव्या घालतात, एवढीच माझी तक्रार. मुलीलाही मी म्हटलं की एका तिकडीने अख्ख्या वर्षाचं बिल फिटत नाही, अर्धा सीझन तो दुखापतीतच होता. तर ती माझ्यावरच घसरली, की मग तुम्ही त्याचीच जर्सी का छापताय. भाच्यासाठी गं बाई.

रोनाल्डोचा विषय निघाला की मात्र दुकानातलं वातावरण बदलतं, सगळेच जरा दुखावलेले. २२ ऑक्टोबर २०२५ला त्याची सौदीतली टीम अल नासर फातोर्ड्याला आली, एएफसीच्या (आशियाई फुटबॉल संघटनेच्या) मॅचसाठी, रोनाल्डो आपल्या गोव्यात खेळणार म्हणून लोकांनी पिवळ्या जर्सीवर ७ छापून घेतला आणि तो आलाच नाही. अल नासर जिंकली २-१. पण आपला एक गोल ब्रायसन फर्नांडिसने मारला आणि दुकानदार म्हणतो दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं ब्रायसनचं नाव मागायला हजर, आणि याच्याकडे नारिंगी जर्सी फक्त बारक्या मुलांच्या साइझची शिल्लक. काकांना तेव्हा स्टूलवर बसवेना म्हणे इतका आनंद झाला. गंमत म्हणजे रोनाल्डो आणि नेमार दोघांचा वाढदिवस ५ फेब्रुवारीला, सात वर्षांच्या फरकाने, त्या दिवशी इथे कसलीही ऑफर नसते, मी विचारलं होतं.

बरं, जर्सीचं पुढे काय झालं. भाचा ती अंगातून काढत नाही, मातीत लोळतो, बहीण उलटी करून थंड पाण्यात धुते (दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, इस्त्री अक्षरांवर नको, ड्रायर नको), आणि अक्षरं अजून जशीच्या तशी, कडासुद्धा उचललेली नाही. कापड मात्र बगलेत आताच ओढल्यासारखं झालंय आणि छातीवरच्या लोगोचा धागा निघतोय. यांच्याकडे तीन प्रकारचा माल असतो, साडेतीनशेचा, पाचशेचा आणि एक "प्लेअर व्हर्जन" म्हणून साडेआठशेचा. मधला घ्या. स्वस्तातला पहिल्या धुण्यात आखडतो आणि महागातला अंगाला इतका चिकटतो की पोट असलेल्या माणसाने विचारही करू नये. ओरिजिनल कुठलंच नाही, तसा दावाही तो करत नाही. तुमच्याकडे स्वतःची ओरिजिनल असेल तर घेऊन जा, नुसती छपाई करून देतो, आणि जळली तर जबाबदारी तुमची असं आधीच बोलून घेतो.

टीमचा सेट करायचा असेल तर व्हिनाईल सोडा, सब्लिमेशन सांगा, तो बाहेरून करून आणतो, आठ-दहा दिवस लागतात, पण रंग कापडातच मुरतो त्यामुळे सोलायला काही उरतच नाही. फक्त पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवर होतं, कॉटनवर नाही.

आणि देवनागरीत छापणार असाल, देवाचं किंवा वाड्याचं नाव वगैरे, तर आधी नीट बोलून घ्या. त्याच्या मशीनला शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो ते बरंच, पण अनुस्वाराचा ठिपका सुटा पडतो आणि सगळ्यात आधी तोच निघतो, आमच्या शेजारच्या गावातल्या टीमचे सगळे अनुस्वार पहिल्याच पावसात गेले. त्याला डीटीएफमध्ये (आधी फिल्मवर छापून मग कपड्यावर दाबतात ते) करायला सांगा, तो स्वतःहून सुचवत नाही.

दुपारी एक ते चार बंद, फोन करून काय उपयोग नाही, उचलत नाही. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून मंगळवार-बुधवार बघा, धुळेरच्या स्टेडियमवर मॅच असेल त्या संध्याकाळी तर अजिबात नको. गुगल पे चालतं. काका साधारण पाचला येतात, त्याप्रमाणे ठरवा.