स्टार्टमधून इंटरनेट हाकललं, त्याला सात महिने झाले

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि लॅपटॉपवर दिवसातून वीसेक वेळा 'ठराव', 'थकबाकी', 'लिफ्ट कोटेशन' असं काहीबाही शोधणं सुरू झालं. विंडोज 11 मध्ये स्टार्ट दाबून टाइप केलं की आपल्या फायलींच्या जोडीला बिंगचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट शोधयंत्राचे, निकालही येतात. माझा हात एंटरवर जरा लवकरच पडतो. मग फाइल राहते बाजूला आणि ब्राउझरमध्ये 'ठराव म्हणजे काय' उघडतं. सभासद समोर बसलेले असताना!

सेटिंग्जमध्ये शोधलं, पण आपल्याकडे त्यासाठी साधं बटण नाही. 'सर्च हायलाइट्स' बंद केलं तर फक्त ती रोजची चित्रं जातात, निकाल तसेच राहतात. युरोपात बड्या टेक कंपन्यांना वेसण घालणाऱ्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे बिंगचा शोध काढून टाकायची सोय द्यावी लागली. आपण रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, उघडायची. विंडोजच्या होम आवृत्तीत असे बदल करायचा सोपा मार्ग, ग्रुप पॉलिसी एडिटरही नसतो.

करायचं एवढंच: रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं प्रोग्रॅम) उघडून करंट यूजर, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं आत जायचं. तिथे 'एक्सप्लोरर' नावाची की (फोल्डरसारखा कप्पा) नसेल तर बनवायची. तिच्यात 32 बिटचा नवा डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद) घ्यायचा, नाव 'डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स' (इंग्रजीत, चारही शब्द जोडून), किंमत 1. मग रीस्टार्ट. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. मी घेतला नव्हता, नशीब म्हणायचं.

पहिल्या आठवड्यात वाटलं, काहीतरी बिघडवून ठेवलं. निम्म्या फायली सापडेनात. चूक माझीच होती. माझे सगळे फोल्डर डी ड्राइव्हवर, आणि इंडेक्सिंग (शोधासाठी फायलींची आधीच यादी करून ठेवणं) 'क्लासिक'वर. त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच धुंडाळलं जातं. आजवर बिंगच्या गर्दीत हे लक्षातच आलं नव्हतं! सगळा लॅपटॉप धुंडाळणारं 'एन्हान्स्ड' केलं, रात्रभर चार्जरला लावून ठेवला, सकाळी देवनागरी नावांच्या फायलीसुद्धा पटापट यायला लागल्या.

वेग वाढला का? थोडासा, पण त्यासाठी हा खटाटोप करू नका. खरा फायदा असा की आता न बघता एंटर दाबता येतो. शिवाय थकबाकीदाराचं नाव टाइप केलं तर ते अक्षर-अक्षर बाहेर जात नाही, हेही बरंच. 5 फेब्रुवारी 2020 ला बिंगच्या बाजूच्या बिघाडामुळे जगभर विंडोज 10 चा शोध कोरा पडला होता. स्वतःच्याच मशीनवरची फाइल शोधायला दूरचा सर्व्हर धड असावा लागतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गेलं काय, तेही सांगतो. स्टार्टमध्येच 18450 भागिले 24 टाकून उत्तर मिळायचं, ते बंद झालं. कॅल्क्युलेटर वेगळा उघडावा लागतो. फाइल एक्सप्लोररच्या चौकटीत आधी शोधलेल्या शब्दांची यादी दिसायची, तीही गेली, कारण रजिस्ट्रीतली ही नोंद मुळात ती यादी बंद करण्यासाठीचीच आहे. यादीची आठवण अजून येते.

मुलीच्या लॅपटॉपवरही करून देणार होतो. ती म्हणाली, "बाबा, हात लावू नका, मी स्पेलिंगं तिथेच बघते." राहू दिलं.