पॉप स्टार घडताना बघायचाय? ‘रोलिंग स्टोन’ की ‘स्मॅश हिट्स’

जुनी संगीत-मासिकं जमवायचा नाद लागला की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. परदेशातून अंक मागवताना टपालखर्चच कित्येकदा अंकाच्या किमतीला भारी पडतो, त्यामुळे सगळंच घेता येत नाही. माझ्या मते नव्या माणसापुढे खरे उमेदवार दोनच आहेत: अमेरिकेचं ‘रोलिंग स्टोन’ आणि ब्रिटनचं ‘स्मॅश हिट्स’. इथे निकष एकच धरलाय, गायकाची प्रतिमा कशी घडवली जाते हे कुठे जास्त कळतं? पुढेमागे भाव वाढेल म्हणून अंक घेणाऱ्यांच्या हे वाचून फार हाती लागणार नाही.

‘रोलिंग स्टोन’ १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, पहिल्याच अंकावर ‘बीटल्स’ बँडचा जॉन लेनन. पण त्याच्या कव्हरची खरी ताकद आली फोटोग्राफरांमुळे. ८ डिसेंबर १९८०ला अ‍ॅनी लीबोवित्झ लेननचा फोटो काढायला गेली. मासिकाला लेनन एकटा हवा होता, पण बायको योको ओनो हिलाही कव्हरवर घ्या, हा त्याचा हट्ट. शेवटी निघालेल्या फोटोत उघडा लेनन अंगाचं मुटकुळं करून, काळ्या कपड्यांतल्या योकोला बिलगलाय. त्याच रात्री त्याचा खून झाला. जानेवारी १९८१च्या अंकावर तो फोटो कुठल्याही मथळ्याशिवाय छापला गेला. दोन माणसांच्या खाजगी फोटोचं जगाने श्रद्धांजलीचं चित्र करून टाकलं आणि ‘बीटल’ लेननच्या जागी योकोचा लेनन लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला.

तरी सुरुवात लेननपासून करू नका. नव्वदच्या दशकातले अंक जास्त शिकवतात. १९९२मध्ये ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन ‘कॉर्पोरेट मासिकं अजूनही भंगारच’ अशा अर्थाची अक्षरं स्वतः लिहिलेला टी-शर्ट घालून कव्हरला उभा राहिला. मासिकाने तो फोटो खुशाल छापला. बंडखोराला बंड करायला जागा दिली आणि अंकही विकला! १९९३मध्ये गायिका जॅनेट जॅक्सन. १९८९च्या अल्बमच्या वेळी नखशिखांत काळ्या लष्करी पोशाखात दिसणारी ही बाई इथे कमरेवर उघडी आहे, आणि मागून आलेल्या दोन हातांनी तिची छाती झाकलीय. हाच फोटो तिच्या नव्या अल्बमवर कापून, फक्त चेहऱ्यापुरता छापलेला होता. पूर्ण फोटो मासिकाकडे. म्हणजे कायापालट ठरवून, दोन हप्त्यांत केलेला. आणि १९९९मध्ये ब्रिटनी स्पीअर्स, वय सतरा. फोटोग्राफर डेव्हिड लाशापेलने तिला अंतर्वस्त्रात पलंगावर पहुडवलं, एका हातात फोन, काखेत टेलिटबी, म्हणजे लहान मुलांच्या टीव्ही मालिकेतली बाहुली. बाहुली आणि बिछाना एकाच चौकटीत. आज तो अंक हातात घेतला की नजर ब्रिटनीवरून उठून, हे कुणाला का सुचलं असेल, या प्रश्नाकडे जाते. मला तरी तो बघताना अवघडायला होतं, आणि नेमका म्हणूनच तो संग्रहात हवा.

‘स्मॅश हिट्स’चा मामला अगदी उलटा. निक लोगनने १९७८मध्ये सुरू केलेलं हे मासिक गाण्यांचे शब्द छापायचं, पोस्टर द्यायचं आणि पोरासोरांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. कव्हरवर भडक रंग, हसरे चेहरे. फोटोत खोल अर्थ शोधायला जाऊ नये. प्रतिमा घडायची ती आतल्या टवाळीतून. ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीसारख्या माणसाचाही इथे ‘मॅका’ होऊन कायम अंगठा वर केलेला गमत्या काका व्हायचा. पुढे ‘पेट शॉप बॉइज’ या पॉप जोडगोळीचा गायक झालेला नील टेनंट इथलाच सहायक संपादक, स्टार कसे बनवतात हे टेबलाच्या अलीकडून बघून मग तो पलीकडे गेला. १९८७मध्ये खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर या पोरांच्या मासिकाला मुलाखत देऊन गेल्या, यावरून त्याचं वजन ओळखा.

नुसत्या शब्दांत किती जोर असतो याचा पुरावा मात्र दुसऱ्याच मासिकात आहे. स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश गायिकांच्या गटातली ‘पॉश’, ‘बेबी’, ‘स्पोर्टी’ ही टोपणनावं १९९६मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मासिकाने दिली. ती काही रेकॉर्ड कंपनीच्या बैठकीत ठरली नव्हती.

माझा कौल ‘रोलिंग स्टोन’ला, तोही नव्वदच्या दशकातल्या. फोटोग्राफर, गायक आणि मासिक यांच्यातली रस्सीखेच तिथे एका कागदावर दिसते. ‘स्मॅश हिट्स’चं कव्हर एकटं फारसं बोलत नाही, पूर्ण अंक इंग्रजीतून वाचावा लागतो आणि ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटनची माहिती नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. तुम्हाला लेखनात रस असेल, किंवा घरातल्या कॉलेजकुमारांनीही अंक चाळावेत असं वाटत असेल, तर माझं ऐकू नका, ‘स्मॅश हिट्स’च घ्या. कपडे आणि मांडणी यांची आवड असलेल्यांनी लोगनचंच दुसरं मासिक ‘द फेस’ बघावं. आजचे स्टार हवे असतील तर संगीत-मासिकं सोडून ‘व्होग’ या फॅशन मासिकाकडे वळावं लागेल, डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकन ‘व्होग’वर एकटा झळकलेला पहिला पुरुष गायक हॅरी स्टाइल्सच होता, आणि तोही झग्यात.

घेताना एवढं बघा. ‘रोलिंग स्टोन’च्या वर्गणीदारांच्या प्रतींवर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली असते, कधीकधी नेमकी फोटोवर, विक्रेत्याकडून कव्हरचा सरळ, पूर्ण फोटो मागवा. २००८च्या शरदापर्यंतचे अंक आकाराने मोठे आहेत, नेहमीच्या प्लास्टिक पाकिटात मावत नाहीत. आणि ‘स्मॅश हिट्स’ घेताना मधली पानं आहेत का ते आधी विचारा, कारण पोस्टर बहुतेकदा कुणाच्या तरी भिंतीवर गेलेलं असतं.