जँगो: भरवशाचा, पण पहिल्याच दिवशी बरंच गृहीत धरणारा

जँगो या पायथॉन भाषेतल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्यावर, माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे बरीच तक्रार येणार आहे आणि ती परक्याची वाटू नये. मी बॅकएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागचं, काम करते. रोज वापरात असलेली, वर्षानुवर्षं चालणारी, नोंदी साठवणारी सॉफ्टवेअर बनवायची आणि ती चालू ठेवायची, यावर माझं पोट आहे. त्यातही बनवणं थोडं आणि चालू ठेवणं जास्त. त्यामुळे फ्रेमवर्क निवडताना पहिलं पान किती पटकन दिसतं याचं मला फारसं अप्रूप नसतं. तीन वर्षांनी त्याच टेबलात नवा कॉलम घालताना धाकधूक होईल का, एवढं मी बघते.

या कसोटीवर जँगो उत्तम उतरतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. बातमीच्या घाईत काम करणाऱ्यांनी तो बनवला आहे, हे अ‍ॅडमिन (डेटा भरायची आयती पानं) पाहिलं की आजही कळतं. मॉडेल (डेटाच्या टेबलाचं वर्णन) लिहा, अ‍ॅडमिनमध्ये नोंदवा, आणि डेटा भरणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कामाला बसवा. बाहेरची पानं तयार होईपर्यंत आत खरा मजकूर साठलेला असतो. एवढं आयतं देणारी फ्रेमवर्क फार थोडी आहेत.

मायग्रेशनबद्दलही, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल नोंदवून डेटाबेसला लागू करणाऱ्या सोयीबद्दलही, मी मनापासून चांगलंच बोलेन. सप्टेंबर २०१४ च्या १.७ आवृत्तीत ती जँगोच्या गाभ्यात आली. त्याआधी हे काम साउथ नावाची वेगळी लायब्ररी करायची. दोन्ही अँड्र्यू गॉडविन यांच्याच हातची, त्यामुळे साउथ वापरताना लोकांना आलेला अनुभव वाया गेला नाही. कोडच्या दोन ब्रँचवर (वेगळ्या प्रतींवर) दोघांनी एकाच वेळी मायग्रेशन लिहिली तर जँगो थांबतो आणि ती मर्ज (एकत्र) करायला सांगतो. अंदाजाने पुढे जात नाही. डेटाबेसच्या बाबतीत असाच स्वभाव हवा.

आणि अपग्रेड. दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. काही आवृत्त्यांना तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. एखादी सोय काढून टाकायची असेल तर आधी इशारा येतो आणि किमान दोन आवृत्त्यांची मुदत मिळते. आम्ही टेस्ट (कोड तपासणारा कोड) चालवताना पायथॉनचे इशारे एररमध्ये बदलून घेतो. पुढच्या आवृत्तीत काय मोडणार, ते आजच समोर येतं.

माझी मुख्य तक्रार नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या दिवसाबद्दल आहे. जे निर्णय नंतर बदलणं फार महागात पडतं, नेमके तेच जँगो न विचारता घेऊन टाकतो.

सगळ्यात मोठं उदाहरण यूझर मॉडेलचं, म्हणजे वापरणाऱ्यांची खाती साठवणाऱ्या मॉडेलचं. नवा माणूस प्रोजेक्ट सुरू करण्याची कमांड देतो, मग मायग्रेट करतो, म्हणजे टेबलं तयार करतो, आणि जँगोचं स्वतःचं यूझर टेबल डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. डॉक्युमेंटेशनने मात्र वर्षानुवर्षं आग्रहाने सांगितलं आहे की नव्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं यूझर मॉडेल आधीच करून ठेवा, मूळचं पुरेसं वाटलं तरीही. सल्ला अगदी बरोबर आहे. पुढे कधी बदलायचं म्हटलं तर त्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा दुवा) आणि मेनी-टू-मेनी (दोन टेबलं जोडणाऱ्या) टेबलाला हात लावावा लागतो, मायग्रेशनचा इतिहास हाताने जुळवावा लागतो, आणि चालू सिस्टिमवर हे करायची हिंमत फार थोडे लोक करतात. पण हा सल्ला वाचायचा कधी? शिकणारा माणूस त्या पानापर्यंत पोचतो तेव्हा त्याचं मायग्रेट करून झालेलं असतं. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे पहिल्या तासात सांगते, कारण ती कमांड सांगत नाही.

जँगो बनवणाऱ्यांसाठी उपाय लहान आहे. प्रोजेक्ट तयार करतानाच एक छोटं अ‍ॅप बनवा, त्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट यूझर या जँगोच्या तयार क्लासपासून काढलेला दोन ओळींचा रिकामा क्लास ठेवा आणि सेटिंग्जमध्ये त्याचं नाव घाला. कुणाला नको असेल तर त्याने काढून टाकावं. सीक्रेट की, म्हणजे साइटची गुप्त किल्ली, बघा. नव्या प्रोजेक्टमध्ये तिची सुरुवातच 'जँगो इन्सिक्युअर' अशा अक्षरांनी होते, म्हणजे ती तशीच प्रत्यक्ष साइटवर डिप्लॉय होऊ नये. एका कीसाठी एवढी दक्षता घेणाऱ्यांनी यूझर टेबलाबाबतही तीच घ्यावी.

दुसरी गोष्ट लिपीची आहे. देवनागरीच काय, मात्रा वापरणाऱ्या कितीतरी लिप्यांना ती लागू पडते. शीर्षकावरून यूआरएलचा तुकडा बनवायला जँगोत स्लगिफाय आहे. नुसतं वापरलं तर ते फक्त एएससीआयआय (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) ठेवतं, म्हणजे 'मराठी'चं काहीच उरत नाही. युनिकोडची (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांची) परवानगी देणारा पर्याय चालू केला तर काम व्हायला हवं. पण मिळतं 'मरठ'. 'पुस्तक'चं होतं 'पसतक'. कारण आतला रेगेक्स (अक्षरं तपासणारा साचा) पायथॉनच्या 'शब्दातलं अक्षर' या व्याख्येवर चालतो. त्या व्याख्येत काना, वेलांटी, उकार, हलन्त बसत नाहीत, म्हणून ते गाळले जातात.

यूझरनेम तपासणारा व्हॅलिडेटरही याच व्याख्येवर उभा आहे. त्यामुळे 'कमल' हे नाव चालतं आणि 'कमला' चालत नाही. फॉर्म भरणाऱ्या बाईला एरर दिसते की नावात फक्त अक्षरं, आकडे आणि काही ठरावीक चिन्हंच चालतील. तिने अक्षरंच लिहिलेली असतात! हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण भाषांतर, तारखा, बहुवचन या बाबतींत जँगोने जगभरच्या भाषांसाठी किती कष्ट घेतलेत ते मला माहीत आहे.

स्लगिफाय एकदम बदलावं असं मी म्हणणार नाही. चालू साइटचे जुने पत्ते बदलतील, लिंका तुटतील. पण जोडचिन्हं राखणारा आणखी एक पर्याय स्लगिफायला आणि दुसरा व्हॅलिडेटर यूझरनेमला द्यायला काय हरकत आहे? युनिकोडमध्ये या चिन्हांचा वर्ग ठरलेला आहे आणि पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीतून तो कळतो. त्याच्या जोडीला आलेल्या यूआरएलमधला हा तुकडा ओळखणारा नवा स्लग कन्व्हर्टरही हवा, कारण आजचा फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर एवढंच ओळखतो. तोवर स्वतःचं फंक्शन आणि स्वतःचा कन्व्हर्टर लिहा. आम्ही तेच केलं आहे.

अ‍ॅडमिनकडे परत येते. मॉडेलमध्ये फॉरेन की असेल तर अ‍ॅडमिनच्या फॉर्मवर तिचा ड्रॉपडाउन येतो, आणि त्यात समोरच्या टेबलातली प्रत्येक ओळ असते. शंभर ग्राहक असताना छान दिसतं. लाखभर झाले की एक साधी नोंद दुरुस्त करायला उघडलेल्या पानात लाखभर पर्याय भरले जातात आणि ब्राउझर गुदमरतो. याला ऑटोकम्प्लीटचं (टाइप करत शोधायचं) उत्तर २.० पासून आहे आणि ते चांगलं आहे, पण ते चालू करणं तुमच्यावर सोडलेलं आहे. टेबल लहान असताना कुणाला ते सुचत नाही. ओळी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की जँगोने निदान एक इशारा तरी द्यावा.

तसाच इशारा क्वेरींबाबत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांबाबत) हवा. पुस्तकांची यादी काढली, टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) प्रत्येक पुस्तकाच्या लेखकाचं नाव छापलं, की शंभर पुस्तकांना एकशे एक क्वेरी जातात. लेखकही सोबतच आणणारं सिलेक्ट रिलेटेड लावलं की एकच. जाणत्यांना हे पाठ असतं. नवशिक्याच्या मशीनवर मात्र दहा नोंदी असतात, पान झटक्यात येतं आणि त्याला शंकाही येत नाही. डीबग (चुका शोधायची अवस्था) चालू असताना एकाच ओळीतून एकाच साच्याच्या क्वेरी सुटताना दिसल्या तर कन्सोलवर त्या ओळीचा नंबर छापा. जँगो डीबग टूलबार ही बाहेरची टूलबार हे दाखवते, पण ज्याला तिची सर्वात जास्त गरज आहे त्याला तिचं नावही माहीत नसतं.

असिंकबद्दल, म्हणजे एका कामाची वाट बघत न थांबता दुसरं करण्याबद्दल, थोडक्यात. ३.० मध्ये एएसजीआय (असिंक सर्व्हरशी बोलायची पद्धत) आलं, ३.१ मध्ये असिंक व्ह्यू (पानाची मागणी हाताळणारं फंक्शन), ४.१ मध्ये ओआरएमच्या (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाच्या) असिंक मेथड. तरी ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही नाही, अशी सोय) असिंक कोडमध्ये अजून चालत नाहीत. तेवढा भाग सिंक (नेहमीच्या) फंक्शनमध्ये घालून बोलवावा लागतो. बाहेरच्या सेवांना बरेच कॉल करायचे असतील तर असिंक व्ह्यू वापरा. नोंदी साठवणाऱ्या नेहमीच्या कामाला त्याच्या वाटेला जाऊ नका.

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.० ने मला खूश केलं, आणि थोडं अडवलंही. टेम्प्लेट पार्शल (साच्याचे पुन्हा वापरता येणारे तुकडे) गाभ्यात आले, कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीची (पानात कुठून काय आणता येईल ते ठरवणारी) सोय आली, आणि बॅकग्राउंड टास्क (मागे चालणारी कामं) लिहायची अधिकृत पद्धत मिळाली. ईमेल पाठवायचं फंक्शन टास्क म्हणून खूण करायचं आणि रांगेत टाकायचं, एवढं सोपं. पण टास्क स्वीकारणारे भाग, म्हणजे टास्कचे बॅकएंड, सोबत दोनच दिलेले आहेत. एक टास्क जागच्या जागी चालवतो, दुसरा चालवतच नाही, नुसती नोंद ठेवतो. दोन्ही डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरते. प्रत्यक्ष वापरासाठी टास्क चालवणारा वर्कर बाहेरूनच आणावा लागतो. कामांची रांग सांभाळणाऱ्या सगळ्या ब्रोकरांना सामावून घ्यायचं तर गाभा असा हलका हवा, हे पटतं. तरी आमच्यासारख्या लहान टीमकडे डेटाबेस असतोच. त्यावरच चालणारा एक साधा वर्कर सोबत दिला, तर दिवसाला काही हजार ईमेल पाठवायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. पुढच्या आवृत्त्यांत मला सगळ्यात आधी हे हवं आहे.

या सगळ्या मागण्या करताना काम कोण करतं याचीही जाणीव आहे. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन देणग्यांतून काही फेलोंना पैसे देतं. ते तिकिटं (अडचणींच्या नोंदी) तपासतात, पॅच (सुचवलेले बदल) वाचतात, आवृत्त्या काढतात. बाकीचं बरंचसं काम लोक स्वतःच्या वेळात करतात. तुमचा धंदा जँगोवर चालत असेल तर फाउंडेशनला नियमित रक्कम द्या आणि तिकीट टाकताना अडचण दाखवणारी छोटी टेस्ट जोडा. नुसत्या वर्णनापेक्षा तिने काम लवकर पुढे सरकतं.

आज नवा प्रोजेक्ट सुरू करणाऱ्यांना विचाराल तर: दर आठ महिन्यांनी अपग्रेड करायची सवय असेल तर ६.० घ्या. नसेल तर ५.२ घ्या, तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन्हींत पहिल्या मायग्रेटच्या आधी स्वतःचं यूझर मॉडेल करून घ्या.