पावसाचा संघ की ट्रिक रूमचा संघ?

पोकेमॉन या खेळाच्या दुहेरी सामन्यांसाठी (ज्यांत दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी लढतात) सहांचा संघ बांधायचा आणि त्यांतले चार मैदानात उतरवायचे, अशी रीत असल्याने पहिला निर्णय वेगाचा असतो. ठाण्यात तलावपाळीजवळ मित्राच्या घरी दर रविवारी सराव करताना मी दोन्ही पद्धती मनापासून खेळून पाहिल्या आहेत.

पावसाच्या संघातला पेलिपर हा पोकेमॉन मैदानात येताच, एकही चाल खर्च न होता, पाऊस सुरू होतो; पाच फेऱ्या पाण्याचे हल्ले दीडपट होतात आणि 'स्विफ्ट स्विम' क्षमतेच्या साथीदाराचा वेग दुप्पट होतो. प्रतिस्पर्ध्याने मागाहून ऊन आणणारा टॉरकोल उतरवला, तर मात्र पाऊस थांबून सगळा डाव विस्कटतो. तरीही नवख्याला मी पाऊसच सुचवेन.

माझा स्वतःचा जीव ट्रिक रूम या चालीवर जडला आहे. ती लागू असताना जो संथ तो आधी खेळतो, म्हणूनच वेगाचा मूळ आकडा अवघा २० असलेला टॉरकोल हुकमी ठरतो. तो पूर्ण ताजा असताना त्याच्या 'इरप्शन' या हल्ल्याची ताकद १५० असते आणि तो समोरच्या दोन्ही पोकेमॉनवर एकदम कोसळतो. अडचण ट्रिक रूम लावण्याची आहे, कारण ती टिकते त्या पाच फेऱ्यांपैकी एक त्यातच जाते आणि ही चाल फेरीच्या अगदी शेवटी चालते. मागच्या रविवारी पहिल्याच फेरीत 'फेक आउट' हा सर्वांआधी बसून समोरच्याची पाळी घालवणारा हल्ला बसल्याने, ट्रिक रूम लावणारी माझी हॅटरीन जागीच थबकली. तेव्हापासून मी तिच्या शेजारी मादी इंडीडी ठेवतो, जिने मैदानावर पसरवलेल्या सायकिक टेरेन या प्रभावामुळे जमिनीवरच्या पोकेमॉनना असे अग्रक्रमाचे हल्ले लागत नाहीत.