खाते क्रमांक: नंबर की स्ट्रिंग (अक्षरांची ओळ)?

वेब सर्व्हिसच्या जेसनमध्ये (सिस्टीम एकमेकींना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) खाते क्रमांक नंबर म्हणून पाठवला, की चूक गुपचूप होते. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरते. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर पलीकडे शेवटचा ३ जाऊन २ उमटतो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, पण खातं भलत्याचंच! सुरुवातीची शून्यंही टिकत नाहीत, कारण जेसनच्या नंबरात ती चालतच नाहीत.

स्ट्रिंगमध्ये क्रमांक जसाच्या तसा पोहोचतो. क्रम लावताना मात्र एकेक अक्षर ताडलं जातं, म्हणून "१०" हा "९" च्या आधी येतो. समोरची सिस्टीम नंबरच मागत असेल, तर विनंती बहुधा तिथल्या तिथे अडते, आणि मला तेच हवं: अडलेली विनंती दुरुस्त करता येते. ज्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही, ते सगळं मी स्ट्रिंगमध्येच पाठवतो, पिनकोडसुद्धा.