जीएफपी टॅग पकडायला आयजीजी की नॅनोबॉडी?

प्रथिनाला जीएफपीचा (जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन) टॅग, म्हणजे ओळखखूण, जोडलाय आणि आता ते पेशींच्या अर्कातून जोडीदार प्रथिनांसकट ओढून काढायचंय, तर माझं मत सरळ नॅनोबॉडीला. नेहमीची आयजीजी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) सुमारे 150 किलोडाल्टनची; किलोडाल्टन म्हणजे प्रथिनाच्या वजनाचं एकक. अल्पाका-लामांच्या रक्तातल्या खास अँटिबॉडीपासून घडवलेली नॅनोबॉडी जेमतेम 15 ची. पण खरा फरक पुढे दिसतो. अँटिबॉडी बारीक मण्यांवर बसवून प्रथिन ओढतात. मग नमुना उकळला की मण्यांवरची आयजीजी सुटते आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी) 50 आणि 25 च्या आसपास तिचेच जाड पट्टे उमटतात. नुसता जीएफपी 27 चा! कंट्रोलमधला (तुलनेसाठी नुसता जीएफपी असलेल्या नमुन्यातला) पट्टा नेमका कुणाचा, हे ठरवताना डोकं पिकतं. मण्यांना रासायनिक बंधाने पक्की जोडलेली नॅनोबॉडी हा घोळ घालत नाही.

वेस्टर्न ब्लॉटवर जीएफपी शोधायला मात्र उलट. एसडीएस या डिटर्जंटने प्रथिनाची घडी मोडलेली असते, आणि बऱ्याच नॅनोबॉडी घडी शाबूत असलेलाच जीएफपी ओळखतात. तिथे जुनी पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) अँटिबॉडीच बरी. ती एकाच प्रथिनावर अनेक ठिकाणी चिकटते.

वायएफपी (पिवळं), सीएफपी (निळसर) ही जीएफपीचीच रूपं, त्यामुळे नॅनोबॉडी आणि आयजीजी दोघींनाही सहसा ओळखता येतात. एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन मात्र जेलीफिशचं नव्हे, प्रवाळाच्या नात्यातल्या डिस्कोसोमाकडून आलेलं. त्यासाठी वेगळीच अँटिबॉडी मागवा.