पासवर्ड बदलून झोपी गेलो, तिथेच चुकलो

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे प्रथम वर्षाचा विद्यार्थी संगणक प्रयोगशाळेत बसण्याआधी एका नियमपत्रावर सही करतो आणि त्यातले पहिलेच कलम 'मी माझा पासवर्ड कोणालाही देणार नाही' असे आहे. या सह्या घेण्याचे काम सहा वर्षे माझ्याकडेच असल्यामुळे पुढील हकीकत लिहिताना संकोच वाटतो. परंतु त्या संकोचापायीच माझ्या विद्यार्थ्यांचे पैसे गेले, म्हणून तो आता बाजूला ठेवतो.

परीक्षेचे अर्ज आणि शिष्यवृत्तीची छाननी त्या वर्षी एकाच आठवड्यात आली होती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावर तपासून पुढे पाठवण्याची जबाबदारी माझी होती. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास शेजारच्या विभागातील एका सहकाऱ्याच्या महाविद्यालयीन पत्त्यावरून मेल आला की, मेलबॉक्सची जागा संपत आली असून आजच पडताळणी न केल्यास खाते बंद होईल. पाठवणाऱ्याचा पत्ता मी अक्षरन् अक्षर तपासला आणि तो खराच निघाला, कारण त्या सहकाऱ्याचे खाते आदल्याच दिवशी याच युक्तीने चोरांच्या हाती गेले होते. लिंकवर गूगल फॉर्म उघडला आणि मी त्यात पासवर्ड लिहून मोकळा झालो. फॉर्ममधून पासवर्ड कधीही देऊ नये, अशी सूचना गूगल स्वतःच प्रत्येक फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत छापते. ती मी दोन दिवसांनी वाचली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असते तर नुसत्या पासवर्डवर चोराचे भागले नसते, पण दर वेळी मोबाइल कुठे शोधत बसायचा, म्हणून ते मी कधी सुरूच केले नव्हते.

रात्री नऊला त्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, माझ्या नावाने काही मेल आला असेल तर उघडू नका," असे ते म्हणाले आणि मी फक्त "बरं" म्हणालो. नियमपत्रावर सह्या घेणाऱ्या माणसानेच पासवर्ड देऊन टाकला, हे तोंडातून निघेना. फोन ठेवताच पासवर्ड बदलला, पाठवलेल्या मेलची यादी पाहिली, तिथे वावगे काही दिसले नाही, आणि प्रकरण मिटले असे समजून मी झोपलो.

यादीत काही दिसले नाही, कारण चोराने आपले मेल पाठवून झाल्यावर तिथून पुसले होते. साडेसातलाच माझ्या नावाने सर्व विद्यार्थ्यांच्या गटाला मेल गेला होता: शिष्यवृत्तीचा हप्ता मंजूर झाला आहे, सोबतचा क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकावा, बुधवारी दुपारपर्यंत रक्कम जमा होईल. वास्तविक महाडीबीटीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट येते, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी लागतो. हे मी स्वतः वर्गात सांगितलेले होते. पण मेल शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या सरांचा, मग वर्गात ऐकलेले कोण आठवत बसतो? कोडमध्ये 9,100 रुपयांची रक्कम आधीच भरलेली होती. बुधवारी सकाळी दोघांनी आणि दुपारी बाराच्या सुमारास एका मुलीने पिन टाकला.

एक वाजता त्या मुलीचे वडील कार्यालयात आले, तेव्हा मला हे सारे कळले. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन केला. तिथे व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक विचारतात, तो तिच्या मोबाइलवर होता. तिची रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर चार महिन्यांनी परत मिळाली. सकाळचे 18,200 रुपये मात्र तोवर पुढे सरकले होते. पैसे ज्या खात्यात पडले ते परराज्यातील एका महाविद्यालयीन मुलाचे होते आणि थोड्याशा कमिशनसाठी त्याने ते वापरायला दिले होते, असे पोलिसांनी सांगितले. असे खाते 'भाड्याने' देणारी मुले आमच्या गावातही नसतील असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पिन विद्यार्थ्यांनी स्वतःच टाकला असल्याने बँकेने भरपाई नाकारली. ती रक्कम मी माझ्या पगारातून भरली. यात मोठेपणा नाही. रात्री नऊला वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक ओळ टाकली असती तर ती भरावी लागली नसती.

पासवर्ड बदलल्याने चोर बाहेर गेला, पण त्याने खात्याच्या सेटिंग्जमध्ये लावलेला फिल्टर तसाच राहिला होता. विद्यार्थ्यांकडून येणारा प्रत्येक मेल तो परस्पर ट्रॅशमध्ये टाकत होता, म्हणून बुधवारी सकाळी 'सर, पैसे कट झाले' असे लिहिणाऱ्या मुलाचा मेलही माझ्यापर्यंत पोहोचला नाही. हे गुरुवारी प्रयोगशाळा सहायकाने शोधून दाखवले. ट्रॅशमध्ये एकूण 43 मेल होते. त्यातला एक त्याच मुलीचा, मंगळवारी रात्री आठचा होता: 'सर, हा मेल खरंच तुमचा आहे ना?' त्याखाली आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या खात्यातून गेलेले उत्तर होते, 'हो, उद्या बाराच्या आत करून घे.'